आराखडा वाचता आला पाहिजे

(अभियंता दिनाच्या निमित्ताने बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी आपल्या सेवेला प्रारंभ केला. त्यांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या या दिवशी व्यासपीठावर एखादा अभियंता उभा असावयास हवा होता. मी कला शाखेचा पदवीधर आणि माझे काम माहिती खात्याचे. तरीही बोलण्यासाठी मी अभियंत्यांचाच विषय निवडला आहे : अभियांत्रिकी आरेखनाची मूलतत्त्वे. याला एक कारण आहे आणि ते कारण म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक होय.

एका होकाराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका गावी शाळाखोलीच्या बांधकामाच्या निमित्ताने ग्रामसभा भरली होती. वृत्त घेण्यासाठी मी हजर होतो. खोलीचा नकाशा टेबलावर पसरण्यात आला. त्यावर रेषा होत्या, बाण होते, आकडे होते. सरपंचांनी तो पाहिला, सदस्यांनी पाहिला आणि मीही पाहिला. सर्वांनी माना डोलावल्या. मागच्या बाजूस एक वृद्ध गवंडी उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "पानी कोनीकडून येते, साहेब?" कोणी उत्तर दिले नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. कामाच्या शुभारंभाचे वृत्त मी छायाचित्रासह पाठविले आणि माझे कर्तव्य संपले असे समजून चाललो.

पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या नव्या खोलीत पाणी शिरले. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला आणि काही दिवस शाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरवावी लागली. त्यानंतर तोच नकाशा मी पुन्हा मागून घेतला. खोलीचा उभा छेद त्यात दाखविला होता. जोते जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच होते आणि जमीन एका सरळ, आडव्या रेषेने दाखविलेली होती. प्रत्यक्षात ती जागा उताराची होती. खालच्या अंगाला जोते पुरेसे उंच होते, पण वरच्या अंगाला ते जेमतेम वीतभर उरले होते आणि पाणी त्याच अंगाने येत होते.

त्या नकाशाने काहीही लपविले नव्हते. "ही जमीन सपाट आहे असे मी धरले आहे" हे तो त्या एका रेषेने सांगत होता. ज्याला ती रेषा वाचता आली असती, त्याने तेथल्या तेथे विचारले असते, "आपली जागा अशी सपाट आहे काय?" गवंडीबुवांना जमीन ठाऊक होती, पण रेषा वाचता येत नव्हती. आम्हा शिकलेल्या मंडळींना तर दोन्ही ठाऊक नव्हते. कागदावरची चूक रबराने पुसता येते. जोत्यात उतरलेली चूक काढावयास पहार लागते, आणि तिचा खर्च गावाच्या निधीतून होतो.

या प्रसंगानंतर वयाच्या चाळिशीत मी एका चित्रकला शिक्षकांकडे संध्याकाळी जाऊन बसू लागलो. ड्रॉइंग बोर्ड, टी-चौकोनी पट्टी, दोन गुण्या, कंपास आणि दोन पेन्सिली एवढेच साहित्य होते. तेथे जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

बांधण्यापूर्वी रेखाटणे

बांधण्यापूर्वी रेखाटण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. आजच्या इराकमध्ये प्राचीन काळी लगाश नावाचे राज्य होते. तेथील राजा गुडिया याचा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा पाषाणपुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या मांडीवर एक पाटी असून तिच्यावर मंदिराच्या आवाराचा नकाशा आणि मोजपट्टी कोरलेली आहे. आपल्या देशात भोपाळजवळ भोजपूर येथे अकराव्या शतकातील, राजा भोजाच्या काळातील शिवमंदिर अपुरे राहिले आहे. त्याच्या सभोवतालच्या खडकांवर मंदिराच्या भागांची रेखाटने कोरलेली आजही दिसतात. पाथरवटांना काम समजावे म्हणून खडकाचाच कागद केला गेला.

या रेखाटनांना काटेकोर शास्त्राचे रूप दिले ते फ्रान्समधील गणितज्ञ गास्पार मोंज (१७४६–१८१८) यांनी. कोणतीही घन वस्तू सपाट कागदावर अशा रीतीने उतरवावयाची की, तिचे प्रत्येक माप त्या कागदावरून पुन्हा काढता यावे, ही त्यांची पद्धत. किल्ल्यांच्या बांधणीसाठी ती इतकी उपयुक्त ठरली की, अनेक वर्षे तिला लष्करी गुपित म्हणून जपण्यात आले. १७९५ मध्ये मोंज यांनी पॅरिस येथे तिच्यावर व्याख्याने दिली आणि ती जगाची झाली. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला, तंत्रनिकेतनात आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकविले जाणारे आरेखन याच पायावर उभे आहे. कधी काळी जे ज्ञान सेनापतींपुरते होते, ते आज सरपंचांच्या टेबलावर पोहोचले आहे. ते वाचावयाचे की नुसत्या माना डोलवावयाच्या, हे आपण ठरवावयाचे आहे.

लोणारचे सरोवर कागदावर

आरेखनातील पहिले तत्त्व म्हणजे प्रमाण. ते समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घेऊ. काठावर उभे राहून खाली पाहिले की, विवर अतिशय खोल वाटते. डोळे दिपतात आणि अंदाज चुकतो. आता ते कागदावर उतरवू. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासूनची खोली सुमारे १५० मीटर आहे. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर असे प्रमाण घेतले, तर व्यास १८ सेंटिमीटर होतो आणि खोली अवघी दीड सेंटिमीटर! शिक्षकांनी मुलांकडून हा छेद जरूर काढून घ्यावा. मुलांना वाटेल की आपण विहीर काढणार आहोत, आणि कागदावर मात्र जेवणाचे ताट उमटेल. तीस सेंटिमीटर रुंदीच्या ताटाला अडीच सेंटिमीटरचा काठ असावा, नेमका तसा हा आकार आहे.

डोळ्यांनी पाहिलेले आणि मापाने काढलेले यांत किती अंतर असते, हे या एका चित्राने कळते. याच चित्रातून एक सावधगिरीही शिकता येते. बंधाऱ्यांचे व रस्त्यांचे छेद काढताना उंची स्पष्ट दिसावी म्हणून पुष्कळदा आडवे प्रमाण वेगळे आणि उभे प्रमाण वेगळे घेतात. अशा वेळी लहानसा चढ डोंगरासारखा भासतो. म्हणून चित्र पाहण्याआधी प्रमाण वाचावे, आणि ते आडव्यासाठी व उभ्यासाठी एकच आहे की दोन आहेत हे पाहावे.

दुसरी सावधगिरी मापांची. नकाशावर पट्टी लावून माप काढू नये. तेथे लिहिलेला आकडाच खरा मानावा. झेरॉक्स प्रत काढताना चित्र लहानमोठे होते, पण लिहिलेला आकडा बदलत नाही.

उखळ आणि तीन दृश्ये

दुसरे तत्त्व दृश्यांचे. एका वस्तूची निरनिराळ्या दिशांनी पाहिलेली चित्रे काढावयाची आणि ती ठरलेल्या जागी मांडावयाची. आपल्या घरातील चौकोनी दगडी उखळ डोळ्यांपुढे आणा. समोरून पाहिले, तर नुसता चौकोन दिसतो. वरून पाहिले, तर चौकोनात एक वर्तुळ दिसते. यांपैकी कोणतेही एकच चित्र पाहून कोणालाही उखळ घडविता येणार नाही. दोन्ही चित्रे एकत्र वाचली म्हणजे दगडाचा आकार व तोंडाची रुंदी समजते.

ही चित्रे कोठे मांडावयाची? आपण खोलीच्या कोपऱ्यात उखळ ठेवले आहे असे समजा. त्याच्या मागे भिंत, उजवीकडे भिंत आणि खाली जमीन आहे. समोरून पाहिल्यावर दिसणारे चित्र मागच्या भिंतीवर उमटवा, वरून पाहिलेले जमिनीवर आणि डावीकडून पाहिलेले उजव्या भिंतीवर. आता जमीन खाली व उजवी भिंत बाहेर अशी दाराच्या फळीसारखी उघडा, म्हणजे सर्व चित्रे एका सपाट पानावर येतील. समोरच्या दृश्याखाली वरचे दृश्य येईल आणि डावीकडून पाहिलेले दृश्य उजव्या हाताला जाईल. यालाच प्रथम कोन पद्धती म्हणतात. आपल्या देशात शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ मध्ये प्रमाणित झालेल्या आरेखनसंहितेने हीच पद्धती स्वीकारलेली आहे. अमेरिकेत तृतीय कोन पद्धती चालते. तीत वरून पाहिलेले दृश्य वरच मांडतात. कोणती पद्धती वापरली आहे हे सांगणारे, टोक कापलेल्या शंकूचे लहानसे चिन्ह चित्राच्या तळाशी देतात. परदेशी यंत्राचा आराखडा वाचणाऱ्याने हे चिन्ह आधी पाहावे. नाही तर डावे-उजवे उलटे होण्याचा धोका असतो.

आता उखळाच्या आतील खळगा किती खोल आहे? समोरच्या दृश्यात तो झाकलेला असतो. म्हणून तो तुटक रेषेने दाखवितात. तरीही समाधान झाले नाही, तर पपई मधोमध कापावी त्याप्रमाणे उखळ कापले आहे असे मनात कल्पून कापलेली बाजू रेखाटतात. हाच छेद होय. कापलेल्या दगडावर बारीक तिरप्या रेषा मारतात आणि पोकळी मोकळी सोडतात. शाळाखोलीच्या नकाशात आमच्याकडून वाचावयाचा राहिला तो हाच भाग होता.

रेषांची बाराखडी

रेषांचे प्रकार मोजकेच आहेत. दिसणाऱ्या कडेसाठी जाड, अखंड रेषा. न दिसणाऱ्या कडेसाठी तुटक रेषा. मध्य दाखविण्यासाठी लांब व आखूड तुकड्यांची बारीक रेषा. मापे देण्यासाठी बारीक, अखंड रेषा व तिच्या टोकांना बाण. यंत्रांच्या आरेखनात मापे सामान्यतः मिलिमीटरमध्ये देतात आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक पुन्हा लिहीत नाहीत. कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील चौकटीत कामाचे नाव, प्रमाण, तारीख व सही असते. पुष्कळ लोक ही चौकट शेवटी पाहतात; खरे तर वाचनाची सुरुवात तेथूनच करावयास हवी.

शिकण्याचा क्रमही सोपा आहे. प्रथम मोकळ्या हाताने रेखाटन करावे, मग साधने हाती घ्यावीत. कडक टोकाची २एच पेन्सिल हलक्या रेषांसाठी आणि एचबी पक्क्या रेषांसाठी ठेवावी. आधी सपाट आकृत्या, नंतर घनवस्तूंची दृश्ये, त्यानंतर छेद, आणि सर्वांत शेवटी पत्र्याच्या वस्तू उलगडून सपाट करणे. हे शेवटचे काम अवघड वाटते, पण गावातील तेलाचे नरसाळे करणारा कारागीर पत्रा कापताना शंकू उलगडतच असतो. ब्लाऊज बेतणारी भगिनी कागदावर बाही कापते तेव्हा तीही हेच करते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला ठिपके मोजून आकृती लहान-मोठी कशी करावी हे ठाऊक असते. प्रमाणाचा पहिला धडा तिने अंगणात गिरविलेला आहे. आणि शेतकऱ्याला गावचा नकाशा दाखविला, तर तो आपला बांध बोटाने अचूक दाखवितो. नकाशा वाचण्याची शक्ती आपल्यात आहे; तिला वळण द्यावयाचे बाकी आहे.

सुरुवात शाळेत व्हावी

शिक्षक मित्रांनो, येथे आपले कार्य सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. तेथे जाऊ इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी खेड्यातील शाळेतून येते. गणितात हुशार असलेले मूलही पुष्कळदा आरेखनाच्या पहिल्या तक्त्यापाशी अडखळते. त्याची बुद्धी कमी पडत नाही. वस्तूकडे तीन बाजूंनी पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

ही सवय लावण्याची सोय आपल्या राज्यात पूर्वीपासून आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत भूमिती व अक्षरलेखन यांचा समावेश आहे आणि इंटरमिजिएटला घनभूमितीही आहे. घनभूमिती म्हणजेच मघाशी सांगितलेली उखळाची दृश्ये. परंतु अनेक ठिकाणी मुले या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांची वाट म्हणून पाहतात आणि भूमितीचा भाग पाठांतराने उरकतात. चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकण्याची प्रथाही सर्वांच्या परिचयाची आहे. माझी विनंती अशी की, हा तास कृपा करून काढून घेऊ नये. गणित ज्या गोष्टीसाठी शिकावयाचे, ती गोष्ट या तासात हाताला लागते.

साधने नाहीत अशी अडचण सांगितली जाते. एक साबणाची वडी, एक बटाटा आणि एक चाकू पुरेसा आहे. साबण कापून पायरीसारखा आकार करावा आणि प्रत्येक मुलाने तो तीन बाजूंनी काढावा. मोठ्या मुलांनी आपली वर्गखोली मोजावी. खोली ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल, तर १:५० या प्रमाणाने ती १२ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर होते आणि वहीच्या पानावर बसते. दारे, खिडक्या, फळा आणि उत्तर दिशा दाखवावी. मग दुसऱ्या वर्गातील मुलांना तो नकाशा देऊन, त्यावरून खोली ओळखावयास सांगावे. ओळखता आली नाही, तर नकाशात काही तरी सांगावयाचे राहिले आहे, हे मुले आपोआप शिकतील.

आज आरेखन संगणकावर होते. ऑटोकॅड ही आज्ञावली १९८२ च्या अखेरीस आली आणि पुढे कचेऱ्यांतून ड्रॉइंग बोर्ड हळूहळू मागे पडले. पण संगणक रेषा सरळ काढून देतो. जमीन सपाट आहे की उताराची, हे तो आपण सांगितल्याखेरीज जाणत नाही. म्हणून हाताने व डोळ्याने शिकण्याला पर्याय नाही.

पंचायतीच्या टेबलावर

आता पंचायत सदस्यांसाठी. आपणांस नकाशा काढावयाचा नाही. तो वाचावयाचा आहे. पुढच्या वेळी एखादा नकाशा आपल्यापुढे येईल, तेव्हा स्वीकृती देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. याचे प्रमाण काय? उत्तर दिशा कोणती, आणि दार वाऱ्यापावसाच्या बाजूला तर नाही ना? छेद कोठून घेतला आहे? जमिनीची रेषा प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजली आहे की सपाट धरली आहे? पाया कोणत्या थरापर्यंत जातो? आपल्याकडे अनेक गावी काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या मातीतच थांबला, तर भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम किती खोलीवर लागतो हे गावातल्या विहिरी खणणाऱ्यांना विचारावे आणि छेदातील आकड्याशी ताडून पाहावे.

शेवटी नकाशातील मापांची बेरीज करावी. खोल्यांच्या रुंदी आणि भिंतींच्या जाडी मिळून बाहेरचे एकूण माप येते की नाही हे पाहावे. हीच मापे अंदाजपत्रकात व पुढे मोजमाप पुस्तिकेत आहेत काय हेही पाहावे. अशा प्रश्नांचा कोणत्याही प्रामाणिक अभियंत्याला राग येणार नाही. उलट, आपला नकाशा कोणी तरी वाचला याचे त्याला समाधानच वाटेल.

आणखी एक सूचना. नकाशा टेबलावर ठेवून सह्या घेण्यापेक्षा तो भिंतीवर लावावा. गावातील गवंडी, सुतार, अंगणवाडी सेविका आणि शाळेतील चित्रकला शिक्षक यांना सभेस आवर्जून बोलवावे. शक्य असेल तेथे नकाशातील खोली जागेवर चुन्याने आखून दाखवावी आणि सर्वांनी तीत उभे राहून पाहावे. गवंडीबुवांनी विचारलेला प्रश्न आणि छेदातील ती रेषा एकमेकांना भेटतील, अशी जागा ग्रामसभाच असू शकते.

बंधुभगिनींनो, त्या शाळाखोलीच्या वरच्या अंगाला पुढे चर खणण्यात आला. आता पाणी आत येत नाही. तेथील मुले पुन्हा त्याच खोलीत बसतात. मध्यंतरी त्या गावी गेलो असता मी मुलांना त्यांच्या खोलीचा नकाशा काढावयास सांगितले. एका मुलीने खोली काढली, चर काढला, आणि चराच्या बाजूने जमिनीची रेषा तिरपी काढली. मी तिला विचारले, "ही रेषा अशी का?" ती म्हणाली, "पानी इकडून येते ना, सर."

आमच्या नकाशात जे नव्हते ते तिच्या नकाशात होते. असे नकाशे काढणारी मुले आणि ते वाचणारी पंचायत प्रत्येक गावी असावी, एवढीच आजच्या दिवशी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.